शरीरातले चार रईस

हकीम इब्न सीनाच्या 'अल-कानून फित्-तिब्ब' या वैद्यकग्रंथाच्या पहिल्या खंडात शरीराच्या अवयवांची प्रतवारी लावलेली आहे. काही अवयव हुकूम सोडणारे, काही तो पोचवणारे, काही नुसते झेलणारे. हुकूम सोडणाऱ्यांना तो 'रईस' म्हणतो. रईस म्हणजे इथे श्रीमंत नव्हे, प्रमुख. माणूस जिवंत राहायला असे तीन रईस लागतात : हृदय, मेंदू आणि यकृत. माणसाचा वंश चालू राहायला हे तिघे तर लागतातच, शिवाय आणखी एक लागतो. तो चौथा रईस म्हणजे वृषण.

ही मांडणी साधारण १०२५ सालची. चौथ्याला पहिल्या तिघांच्या रांगेत बसवलं याचं नवल वाटतंच, पण पुढे आणखी एक गोष्ट आहे. वृषणांचं काम केवळ वीर्य तयार करण्यापुरतं नाही, पुरुषाचा बांधा आणि पुरुषाची प्रकृती घडवण्यातही त्यांचा वाटा आहे, असं इब्न सीना नोंदवतो. टेस्टोस्टेरॉन हे द्रव्य शास्त्रज्ञांनी वेगळं काढलं ते १९३५ साली. याचा अर्थ हजार वर्षांपूर्वी हकिमांना हार्मोन ठाऊक होती असा मात्र कुणी काढू नये; असे अर्थ काढायची आपल्याकडे हौस दांडगी आहे. त्या काळी खच्ची केलेले गुलाम आणि खच्ची केलेली जनावरं सगळ्यांच्याच पाहण्यात असत. आवाज, दाढी, अंगाची ठेवण यांत काय फरक पडतो हे डोळ्यांना दिसत होतं. दिसलेलं नीट लिहून ठेवलं, एवढंच. पण तेवढंही सगळे करत नाहीत.

लैंगिक दुर्बलतेला हकिमांच्या युनानी वैद्यकात 'जोफ-ए-बाह' म्हणतात. या तक्रारीकडे जुने ग्रंथ कसे पाहतात ते वाचताना मी थबकलो. इच्छा उपजते मेंदूत. तिला जोर मिळतो हृदयातून निघणाऱ्या 'रूह'मधून, म्हणजे रक्ताबरोबर वाहणाऱ्या प्राणशक्तीतून. आणि द्रव्य येतं यकृतात तयार झालेल्या रक्तातून. त्यामुळे चौथा रईस कुरकुरायला लागला तर हकिमानं आधी पहिल्या तिघांची चौकशी करायची. छातीत धडधडतं का, झोप लागते का, मन कशात रमतं का, जेवण पचतं का. पोट आणि मूत्रपिंडं यांचीही विचारपूस करायची. औषधाचा विषय त्यानंतर.

आता आजचं शरीरशास्त्र बघा. शिश्नाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचा व्यास जेमतेम १ ते २ मिलिमीटर असतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या ३ ते ४ मिलिमीटरच्या. रक्तवाहिन्यांना आतून चरबीचा थर धरू लागला की अरुंद नळीची वाट आधी कोंडते. म्हणून ताठरतेची तक्रार ही पुष्कळदा हृदयविकाराची आगाऊ सूचना ठरते आणि ती दोन ते पाच वर्षं आधी मिळते. चाळिशीचा माणूस ही तक्रार घेऊन आला तर त्याचा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासा, असं आजचे हृदयरोगतज्ज्ञ सांगतात. रूहच्या कल्पनेवरून निघालेला हकीम आणि धमनीच्या व्यासावरून निघालेला डॉक्टर, दोघंही वेगवेगळ्या वाटांनी हृदयाच्याच दाराशी येऊन उभे राहतात. दोघांच्या वाटा एकच होत्या असं मात्र नाही.

पुरुषाचं आरोग्य म्हणजे कमरेखालचं गुपित, हा समज रेल्वेच्या कडेच्या भिंतींवरच्या जाहिरातींनी आपल्या मनात रुजवला आहे. त्या भिंतींवर हकिमाचं नाव सर्रास वापरलं जातं. हिकमतीचे, म्हणजे युनानी वैद्यकाचे, मूळ ग्रंथ मात्र बरोबर उलटं बोलतात.

हे ग्रंथ आले कुठून? नावाप्रमाणे युनानातून, म्हणजे ग्रीसमधून. त्यांतला बुकरात म्हणजे हिप्पोक्रॅटिस, जालीनूस म्हणजे पर्गमॉनचा गॅलन. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक या ख्रिस्ती विद्वानानं गॅलनचे ग्रंथ सिरियाक आणि अरबी भाषांत आणले. राझी या हकिमानं त्यात रुग्णांच्या खाटेशेजारचा अनुभव ओतला, बुखाऱ्याच्या इब्न सीनानं सगळ्याची घडी बसवली. बाराव्या शतकात टोलेडोमध्ये 'कानून'चं लॅटिन झालं आणि युरोपातली विद्यापीठं तो सतराव्या शतकापर्यंत शिकवत राहिली.

दख्खनलाही हे वारं चांगलं लागलं होतं. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या पदरी असलेल्या रुस्तम जुर्जानीनं 'जखीरा-ए-निजामशाही' लिहिला. त्याच बुऱ्हाणशहावर इलाज करायला गोव्याहून एक पोर्तुगीज वैद्य अहमदनगरला येत असे. त्याचं नाव गार्सिया द ओर्ता. भारतातल्या औषधी द्रव्यांवरचं त्याचं पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं गेलं. संवादाच्या रूपात लिहिलेल्या त्या पुस्तकात इब्न सीनाचं नाव पुन्हा पुन्हा येतं. युरोपातून निघालेला वैद्य गोव्यात बसून ज्या अरबी ग्रंथाशी हुज्जत घालत होता, त्याच ग्रंथावर नगरच्या दरबारातले हकीम चालत होते. इतिहासकार म्हणून आपल्याला माहीत असलेला फरिश्ताही वैद्यकावर लिहून गेला आहे. त्याचा 'दस्तूर-उल-अतिब्बा' हा फारसी ग्रंथ भारतीय वैद्यकाची ओळख करून देतो. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होती. युनानी औषधांतला 'इतरीफल' ज्यावर उभा आहे ती त्रयी म्हणजे आपलीच हिरडा, बेहडा आणि आवळा.

युनानी वैद्यकाचं सगळं गणित 'मिजाज' या कल्पनेवर चालतं. दम (रक्त), बलगम (कफ), सफ्रा (पित्त) आणि सौदा (काळं पित्त) हे चार द्रव. गरम, थंड, ओलं, कोरडं हे चार गुण. आणि त्यांच्या मिश्रणातून घडलेली प्रत्येकाची प्रकृती. हे चार द्रव आज कुठल्याही प्रयोगशाळेत सापडणार नाहीत. तरीही त्यावर रचलेली एक मांडणी मला विलक्षण वाटते : एकाच पुरुषाचा मिजाज आयुष्यभर सारखा राहत नाही, तर वयाबरोबर सरकत जातो. त्यामुळे पंचविशीतल्या माणसाला लागू पडणारा सल्ला पन्नाशीतल्या त्याच माणसाला लागू पडेलच असं नाही.

इब्न सीनानं आयुष्याचे चार टप्पे केले. पहिला वाढीचा, जवळजवळ तिशीपर्यंत. दुसरा तारुण्याचा, पस्तीस-चाळीसपर्यंत. यात वाढ थांबलेली असते, पण शक्ती टिकून असते. तिसरा 'कुहूलत', म्हणजे प्रौढत्व, साठीपर्यंत. चौथा 'शैखूखत', त्यापुढचा. पहिला टप्पा गरम आणि ओला, दुसरा गरम आणि कोरडा, नंतरचे दोन्ही थंड आणि कोरडे. म्हाताऱ्या माणसाच्या शरीरात ओल दिसते खरी, कफ, डोळ्यांतलं पाणी वगैरे; पण ती वरवरची, उपरी ओल असते, अवयव आतून कोरडेच असतात, असा बारीक भेद तो करतो.

वाढ तिशीपर्यंत चालते, हे वाचून आपण हसू. उंची तर अठरा-एकोणिसाव्या वर्षी थांबते. पण हाडांची घनता आजच्या मोजणीनुसार विशीच्या अखेरीपर्यंत वाढत राहते. आणि टेस्टोस्टेरॉनची पातळी तिशी-चाळिशीनंतर दरवर्षी सुमारे एका टक्क्यानं उतरू लागते. पुरुषाच्या शरीराचा उतार नेमका कुठे सुरू होतो, हे रक्ताची चाचणी नसताना त्या लोकांनी बऱ्यापैकी अचूक हेरलं होतं.

हा उतार का? त्यासाठी इब्न सीनानं दिव्याचा दाखला दिला आहे. जन्मतः मिळालेली उष्णता, 'हरारत-ए-गरीजिया', ही ज्योत. जन्मतः मिळालेली ओल, 'रुतूबत-ए-गरीजिया', हे तेल. ज्योत तेलावर जगते आणि तेच संपवत जाते. तेल वाढवता येत नाही. वैद्याच्या हाती एवढंच असतं की ते वेळेआधी संपू नये, बाहेरून आलेल्या पाण्यानं ज्योत विझू नये. वैद्यक माणसाला अमर करू शकत नाही, प्रत्येकाला त्याच्या वाट्याचं वय गाठून देऊ शकतं, इतकं स्वच्छ त्यानं लिहून ठेवलं आहे. चिरतारुण्याच्या गोळ्या विकणाऱ्यांनी हे पान वाचलेलं दिसत नाही.

या इब्न सीनाचं स्वतःचं काय झालं? त्याचा शिष्य जुझजानी यानं गुरूचं चरित्र पुरं केलं, आणि त्यात कसलीही भीडभाड ठेवली नाही. गुरूच्या अंगच्या सगळ्या शक्तींत कामशक्ती सर्वांत प्रबळ होती, तिचा त्यांनी मनसोक्त वापर केला आणि तब्येतीवर त्याचा परिणाम झाला, असं तो लिहितो. पोटशूळ उठला तेव्हा लष्कराबरोबर प्रवास चालू होता, मागे राहण्याची सोय नव्हती. लवकर बरं व्हायचं म्हणून एका दिवसात आठ वेळा बस्ती घेतला. आतड्यांना जखमा झाल्या. पुढे थोडं बरं वाटताच पथ्य मोडायचं, पुन्हा आजारी पडायचं, असं चाललं. १०३७ साली हमदानमध्ये तो वारला तेव्हा तो अठ्ठावन्नच्या आत होता. ज्या चौथ्या टप्प्यासाठी त्यानं इतकं तपशीलवार पथ्य लिहिलं, त्या टप्प्याच्या उंबरठ्यापर्यंतही तो पोचला नाही. पुरुष डॉक्टरचं ऐकत नाहीत ही तक्रार घरोघरीच्या बायका करतात. इथे तर डॉक्टरच डॉक्टरचं ऐकत नव्हता.

त्यानं लिहिलेलं पथ्य मात्र आजही चाळण्यासारखं आहे. मुलाबद्दल तो म्हणतो, त्याला राग, भीती आणि जागरण यांपासून जपा, कारण बिघडलेल्या सवयी मिजाज बिघडवतात. सहाव्या वर्षी गुरूकडे पाठवा, पण हळूहळू. पुस्तकाला एकदम जुंपू नका. तरुणासाठी 'रियाजत', म्हणजे व्यायाम, आणि त्याच्या दोन्ही अंगांना 'दलक', म्हणजे मालिश. व्यायामाआधीची मालिश स्नायू तयार करायला, नंतरची थकवा उतरवायला. दोन्हींची पद्धत वेगळी. कोल्हापूरच्या तालमीत अंग रगडून घेणाऱ्या पैलवानाला यात काही नवीन वाटणार नाही.

जगण्यासाठी अटळ अशा सहा गोष्टी युनानी वैद्यक मानतं, 'असबाब-ए-सित्ता जरूरिया'. हवा, खाणंपिणं, शरीराची हालचाल आणि विश्रांती, मनाची हालचाल आणि विश्रांती, झोप आणि जाग, आणि शरीरात धरून ठेवणं व बाहेर टाकणं. लैंगिक जीवन या शेवटच्या कलमात येतं, घाम आणि मलमूत्राच्या शेजारी. ना त्याचा गवगवा, ना त्याची लाज. भरल्या पोटी नको, दमणूक झाल्यावर लगेच नको, अति नको. पण ज्याच्या प्रकृतीला गरज आहे त्यानं उगाच रोखूनही धरू नये, रोखण्यानं मन काळवंडतं. एका वाक्यात सांगायचं तर भूक लागली तरच जेवा, असं.

या सहांतलं चौथं कलम, मनाची हालचाल, मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण पुरुष त्याबद्दल बोलत नाहीत. दबलेला राग, धंद्यातली चिंता, कुणाला न सांगितलेलं दुःख, यांना युनानीत हवेइतकंच आणि अन्नाइतकंच आजाराचं कारण मानलं आहे. कुहूलतच्या वयात सौदा वाढतो आणि माणूस उदास, संशयी, कोरडा होत जातो, असं वर्णन येतं. सौद्याची कल्पना बाजूला ठेवली तरी हा माणूस आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

तपासणीच्या तऱ्हाही बघण्यासारख्या. नाडीची, म्हणजे नब्जची, दहा लक्षणं पाहायची आणि मग तिला नाव द्यायचं. हरिणासारखी उसळणारी 'गजाली', मुंगीसारखी बारीक 'नमली', लाटेसारखी 'मौजी', करवतीच्या दात्यांसारखी 'मिनशारी', उंदराच्या शेपटीसारखी निमुळती होत जाणारी 'जनब-उल-फार'. लघवीच्या, म्हणजे कारूऱ्याच्या परीक्षेत रंग, घट्टपणा, स्वच्छता, गाळ, वास, फेस आणि प्रमाण बघायचं. नमुना सकाळचा पहिला हवा, आणि आदल्या दिवशी केशरासारखा रंग देणारा पदार्थ पोटात गेलेला नसावा, अशी ताकीद. लॅबमध्ये आजही सकाळचा पहिला नमुना मागतात.

आता औषधांकडे. माजून, जवारिश, खमीरा, लबूब अशा चाटणांच्या आणि पाकांच्या बरण्यांनी हकिमाची कपाटं भरलेली असतात. पण त्यांत घातलेली कित्येक द्रव्यं आपल्या बांधावरच उगवतात.

खाजकुहिली घ्या. शेंगेवरची लव अंगाला लागली की पोरं थयथयाट करतात, एवढीच तिची आपल्याला ओळख. हकीम तिच्या बिया दुधात उकळून, साल काढून पुरुषांच्या औषधात घालतात. १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांना या बियांत लेव्होडोपा सापडलं. पुढे कंपवातावर, म्हणजे पार्किन्सनवर, जे औषध मुख्य ठरलं ते हेच. मेंदूत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं, आणि डोपामिनचा इच्छेशी जवळचा संबंध आहे. ही औषधं घेणाऱ्या काही रुग्णांत कामेच्छा अवाजवी वाढते, हे मेंदूचे डॉक्टर जाणून असतात. म्हणजे इच्छा मेंदूत उपजते असं म्हणणाऱ्यांनी हाताशी धरलेली बी खरोखरच मेंदूवर काम करणारी निघाली. २००९ साली लखनौच्या वैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकांनी वंध्यत्व असलेल्या पुरुषांना हे चूर्ण देऊन शुक्रजंतूंत सुधारणा झाल्याचं प्रसिद्ध केलं. अभ्यास लहान होता, त्यावरून दुकान थाटण्याइतका पुरावा होत नाही. पण धागा धरण्यासारखा नक्कीच आहे.

सफेद मुसळीची तर शास्त्रीय ओळखच मुंबईची. जिची सर्वाधिक लागवड होते त्या जातीचं नाव क्लोरोफायटम बोरिविलिआनम. फादर सांतापाऊ आणि फर्नांडिस यांनी १९५५ साली ते बोरिवलीवरून ठेवलं. पावसाळ्याच्या तोंडाला आदिवासी बायका जी फोडशीची भाजी विकायला आणतात ती याच कुळातली. वर पाल्याची भाजी दहा-वीस रुपयांना जुडी, खाली मुळाला चांदीचा भाव.

सराट्याचा गोखरू लघवीच्या तक्रारींवर आणि खड्यावर शेकडो वर्षं वापरात आहे. जिममधली मुलं तो टेस्टोस्टेरॉन वाढवायला खातात. माणसांवरच्या चाचण्यांत तशी वाढ सहसा दिसलेली नाही. अश्वगंधा, युनानीत असगंद, हिचा बोलबाला आज जगभर आहे. तिच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. यकृत हा रईस आहे हे इथे आठवावं.

आणि सालब. हे ऑर्किडचे कंद. जमिनीखाली दोन कंद शेजारी शेजारी असतात, एक भरलेला, एक सुरकुतलेला. सुरकुतलेला यंदाच्या रोपाला पोसून रिकामा झालेला, भरलेला पुढच्या वर्षाची शिदोरी बांधणारा. ती जोडी पाहून ग्रीकांपासून सगळ्यांना जे सुचायचं ते सुचलं, आणि आकार जुळतो म्हणून गुणही जुळणार असं ठरलं. हा तर्क फसवा आहे. त्याची किंमत हिमालयातली ऑर्किडं मोजत आहेत. भरलेला कंद उपटला की पुढच्या वर्षीचं रोपच संपतं. आज ऑर्किडांच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, तरी सालबपंजा बाजारात मिळतोच.

पण हिकमतीनं पुरुषाच्या हृदयाला दिलेली सर्वांत मोठी देणगी कुठल्याच ताकदीच्या पाकात नव्हती. ती होती असरोलमध्ये, म्हणजे सर्पगंधेत. दिल्लीचे हकीम अजमल खान (१८६८–१९२७) हे जुन्या हकिमी घराण्यातले आणि काँग्रेसचे अध्यक्ष राहिलेले. करोलबागेतल्या त्यांच्या तिब्बिया कॉलेजचं उद्घाटन १९२१ साली गांधीजींनी केलं. हिकमतीची द्रव्यं रसायनशास्त्राच्या कसोटीला लावावीत, असा त्यांचा ध्यास होता आणि त्यासाठी त्यांनी सलीमुज्जमा सिद्दिकी या तरुण रसायनशास्त्रज्ञाला गाठलं. हकीमसाहेब वारल्यावर, १९३१ साली, सिद्दिकींनी सर्पगंधेच्या मुळीतून अल्कलॉइडं वेगळी काढली आणि एकाला नाव दिलं अजमलीन.

पुढची कडी मुंबईची. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन काय दिसलं ते १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये लिहिलं. रक्तदाबावर जगाकडे तेव्हा धड औषध नव्हतं. या लेखानं पाश्चात्त्य प्रयोगशाळांचे कान टवकारले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये याच मुळीतून रिसर्पीन वेगळं झालं, आणि १९५७ साली डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. रिसर्पीनला एक विचित्र बाजू होती. काहींचा रक्तदाब उतरे, पण मन खचे आणि कामेच्छाही मावळे. हृदय, मेंदू आणि चौथा रईस एकमेकांना किती बांधलेले आहेत, हे एका मुळीनं उलट्या बाजूनं दाखवलं. आज ते औषध मागे पडलं आहे.

अजमलीन मात्र निराळ्याच कामाला लागलं. झोपेत अचानक हृदय बंद पडून धडधाकट माणूस जातो, अशा मृत्यूंमागे कधी कधी ब्रुगाडा सिंड्रोम असतो. १९९२ साली ओळखला गेलेला हा विकार पुरुषांत बायकांपेक्षा आठ-दहापट अधिक दिसतो, आणि साधारण चाळिशीच्या आसपास. साध्या ईसीजीत तो पुष्कळदा लपून राहतो. संशय आला तर युरोपातल्या रुग्णालयांत शिरेतून अजमलीन देतात, आणि लपलेली खूण कागदावर उमटते. बेल्जियममधला एखादा डॉक्टर चाळिशीतल्या पुरुषाचं हृदय तपासताना दिल्लीच्या हकिमाचं नाव घेत असतो, बहुधा नकळत.

या उंचीवरून पुन्हा भिंतीवरच्या जाहिरातींकडे येताना वाईट वाटतं. पण टाळून चालणार नाही. वीर्य हे रक्ताचं सार, थेंब गेला की ताकद गेली, हा विचार युनानी आणि आयुर्वेद दोन्हींकडे होता, आणि त्यातून पिढ्यान् पिढ्या मुलं घाबरून राहिली. ही भीती हाच एक आजार आहे हे ओळखून मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली त्याला 'धात सिंड्रोम' म्हटलं. स्वप्नदोषानं कुणी खंगत नाही. लैंगिक शक्तीच्या औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे; त्या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देणाऱ्यांत हमदर्द दवाखाना होता. १९५९ साली न्यायालयानं कायद्यातला थोडा भाग काढून टाकला आणि बाकीचा राहू दिला. भिंती रंगायच्या थांबल्या नाहीत.

त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे 'शुद्ध वनस्पतीजन्य' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत गुपचूप मिसळलेलं सिल्डेनाफिल. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्या माणसानं अशी पुडी घेतली तर रक्तदाब इतका कोसळू शकतो की जीव जावा. धातूंचे कुश्ते, म्हणजे भस्मं, नीट तयार झालेले नसतील तर शिसं आणि पारा पोटात जातो. युनानीची रीतसर पदवी साडेपाच वर्षांची आहे. मालेगावच्या मन्सुऱ्यात, मुंबईत वर्सोव्याला, पुण्यात, नंदुरबारच्या अक्कलकुव्यात ती शिकवणारी महाविद्यालयं आहेत. पदवीधर हकीम आणि रस्त्याकडेला तंबू टाकून बसणारा यांच्यातला फरक पाटी वाचून कळतो, तेवढी तसदी तरी घ्यावी. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्या हकिमाला दाखवाव्यात, आणि हकिमाची औषधं डॉक्टरला.

राहिला चौथा टप्पा. साठीनंतरच्या पुरुषाची पहिली तक्रार लघवीची असते. रात्री चारदा उठायचं, धार बारीक, मोकळं झाल्यासारखं वाटत नाही. पन्नाशीतल्या सुमारे निम्म्या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असते, ऐंशीपुढे बहुतेकांची. हकिमांकडे यासाठी भोपळ्याच्या बियांचा मगज, गोखरू, शेक अशी साधनं होती. लघवी पारच अडली तर नळी घालत, आणि दहाव्या शतकातल्या कॉर्डोव्हाच्या अल-जहरावीनं चांदीच्या नळीचं वर्णनही करून ठेवलं आहे. आज मात्र ही लक्षणं दिसली की आधी तपासणी, कारण साधी वाढ आणि कर्करोग सुरुवातीला सारखेच वाटू शकतात आणि कुठलीही नाडी त्यांतला फरक सांगत नाही.

म्हातारपणाचं बाकीचं पथ्य 'तदबीर-ए-मशायख' या नावाखाली येतं : थोडं थोडं, दोन-तीनदा खाणं, ऊबदार आणि स्निग्ध अन्न, पोट साफ, तेलाची हलकी मालिश, भरपूर झोप, झेपेल तेवढं चालणं. हे नियम हवेतून आलेले नाहीत. गॅलननं त्यासाठी दोन खऱ्या म्हाताऱ्यांची दिनचर्या नोंदवून ठेवली. एक अँटिओकस, ऐंशी ओलांडलेला वैद्य. तो रोज घरापासून चौकापर्यंत सुमारे अर्धा किलोमीटर पायी जाई, जवळचे रोगी पायीच बघे, लांबच्यांकडे मात्र खुर्चीत किंवा गाडीत बसून. सकाळी अंगाला मालिश, मग मधाबरोबर भाजलेली पोळी, दुपारपर्यंत गप्पा किंवा वाचन. दुसरा टेलेफस, व्याकरणाचा पंडित, जवळजवळ शंभरी गाठलेला. त्याचं खाणं म्हणजे पाण्यात शिजवलेली पेज आणि तीत उत्तम मध, मग भाजी, मासा किंवा एखादा पक्षी. अंगाला तेल तो नेमानं लावून घेई, पण आंघोळ हिवाळ्यात महिन्यातून दोनदा आणि उन्हाळ्यात चारदा. त्याचं बाकी सगळं उचलायला हरकत नाही. आंघोळीचा हिशेब तेवढा आपल्या कोकणातल्या मे महिन्यात कुणी लावू नये.